आधी माणसं, मग नाट्यगृह : सांगलीत वस्तीचा कलाप्रकल्प उभा करताना

सांगली-मिरजेत दरवर्षी कुणी ना कुणी ठरवतं, की आपल्या वस्तीतल्या माणसांना घेऊन काहीतरी करायचं आणि ते नाट्यगृहात लावायचं. हेतू चांगलाच असतो. पण पहिलं काम म्हणून हॉलची तारीख घेतली जाते. डिपॉझिट भरलं की निधीसाठी धावपळ सुरू होते, मग कुणीतरी संहिता लिहून आणतं, आणि ‘करणार कोण’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. तोवर तीन आठवडे उरलेले असतात. मग कॉलेजच्या एकांकिका करणारी ठरलेली पोरं स्टेजवर उभी राहतात आणि ज्यांच्यासाठी हे मांडलं ती वस्तीतली मंडळी पहिल्या दोन रांगांत सत्काराची वाट बघत बसतात.

यातली बहुतेक कामं सगळ्यांना येतात, फसतो तो क्रम. तो असा ठेवा: माणसं, प्रकार, कागद, तारीख, पैसे, तालीम, प्रयोग, हिशेब. पहिल्यांदाच करत असाल तर पंधरा ते पंचवीस सहभागी, चाळीस-पन्नास मिनिटांचा प्रयोग आणि चार महिन्यांचा अवधी धरा. तीन महिन्यांत होतं, पण मग वस्तीतल्या माणसांना घाई होते आणि ती गळायला लागतात.

## टप्पा १ : गाभ्याची पाच-सात माणसं

सुरुवातीला समिती करू नका. समिती म्हटली की अध्यक्ष कोण हा विषय निघतो आणि दोन बैठका त्यातच जातात. कामं वाटा, पदं नंतर बघू.

एक सूत्रधार हवा, ज्याचा शब्द शेवटचा. दोन सूत्रधार म्हणजे तालमीला दोन वेगवेगळ्या वेळा. हिशेब बघणारा वेगळा हवा, आणि तो सूत्रधाराच्या घरातला नको. तिसरा तालमीची जागा सांभाळणारा: चावी, हजेरी, पाणी, चहा, सतरंजी. हे काम कमी प्रतीचं समजून एखाद्या नवख्या पोराच्या गळ्यात टाकतात. खरं तर प्रकल्प टिकतो तो या माणसावर. सात वाजताची तालीम असताना सव्वासातपर्यंत कुलूप दिसलं की वस्तीतली बाई दुसऱ्यांदा येत नाही. तिला घरी परत जाऊन उत्तर द्यायचं असतं.

चौथा प्रकाश आणि ध्वनी बघणारा. त्याला शेवटच्या आठवड्यात बोलवायची पद्धत आहे, ती मोडा. पहिल्या महिन्यात एकदा आणि दुसऱ्यात दोनदा नुसता येऊन बसला तरी पुढचा निम्मा गोंधळ वाचतो. मुलं असतील तर त्यांची जबाबदारी घेणाऱ्या दोन बायका हव्यातच.

सगळ्यात महत्त्वाचं माणूस वस्तीतलं. इथे हमखास चूक होते ती नगरसेवकाकडे जाण्याची. त्यांना निमंत्रण जरूर द्या, पण तुम्हाला हवा आहे तो माणूस, ज्याला रात्री अकरा वाजता रिक्षा लागली तर लोक हाक मारतात. कुठे ती आशाताई असते, कुठे अंगणवाडीताई, कुठे बचत गट चालवणारी बाई, कुठे हमालांतला एखादा जुना मुकादम. अशा माणसानं ‘या की’ म्हटल्याशिवाय वस्तीत बैठक लावू नका.

तपासणी : प्रत्येकाला विचारा, ‘तू आठ दिवस आजारी पडलास तर तुझं काम कोण करेल?’ उत्तर आलं नाही तर तो दुसरा माणूस आधी शोधा.

## टप्पा २ : वस्तीत जाणं

या टप्प्याला महिना द्या. लेखाचा मोठा भागही मी इथेच खर्च करतोय, कारण बिघडतं ते इथे.

आधी वेळ. ज्यांच्याबरोबर काम करायचं त्यांचा दिवस कसा जातो ते माहीत करून घ्या. मार्केट यार्डातल्या हमालांना हळदीच्या ऐन हंगामात, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून पुढे उन्हाळ्यात, तालमीला बोलावून उपयोग नाही. अंग मोडलेलं असतं. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीनं काम करणाऱ्यांची पाळी फिरत असते, त्यामुळे ‘दर मंगळवारी संध्याकाळी’ ही तालीम त्यांच्यासाठी नाहीच. त्यांच्यासाठी सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा दोन वेळा ठेवाव्या लागतात. गृहिणींना दुपारी दोन ते चार जमतं, संध्याकाळी नळाला पाणी येण्याची वेळ असेल तर अजिबात नाही. ऊसपट्ट्यातल्या गावांत गळीत हंगाम बघा. दहावी-बारावीची मुलं जानेवारीनंतर धरू नका.

मग पहिल्या तीन बैठका. संहिता, बॅनर, कॅमेरा यांतलं काहीही नेऊ नका.

पहिल्या बैठकीत ऐकायचं. गोल करून बसा, तुम्हीही खालीच बसा. खुर्च्या आल्या की भाषण सुरू होतं. नाव, काम आणि ‘तुम्हाला काय येतं’ एवढंच विचारा. ‘आम्हाला काय येतंय’ हे पहिलं उत्तर असतं, ते सोडून द्या. थोड्या वेळानं कळतं की एकीला जात्यावरच्या ओव्या येतात, एक मामा भजनात पखवाज धरतात, एक पोरगा डीजेच्या गाडीवर वायरिंग करतो. तीन वह्या करा: येणाऱ्यांची, त्यांना काय येतं त्याची, आणि कोणाला कधी वेळ आहे त्याची. ‘बघू की’ म्हणणाऱ्याचं नाव पेन्सिलीनं लिहा.

दुसऱ्या बैठकीत हाताला काम द्या. घरातली एक वस्तू आणायला सांगा आणि ती कुठून आली एवढंच सांगायला लावा. न बोलणारी माणसं वस्तू हातात असली की बोलतात. तिसऱ्या बैठकीत, ऐकलेल्यातून काय करता येईल ते तुम्ही सुचवा आणि होकार-नकार घ्या.

आता महापुराचा विषय. सांगलीत कृष्णाकाठच्या वस्तीत बसलात की तिसऱ्या वाक्याला तो येणारच, २००५ चा, २०१९ चा, नाहीतर २०२१ चा. तो टाळू नका, पण रडू काढण्यासाठी वापरूही नका. ‘त्या रात्री तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलं की बाई एकदा रडते, पुढच्या तालमीला येत नाही, आणि आली तर ते रडणं तिला प्रयोगाच्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा करावं लागतं. हे कुणावरही लादू नये. त्याऐवजी विचारा, ‘पाणी चढायला लागल्यावर माळ्यावर पहिलं काय ठेवलं?’ शेगडी. पोरांच्या मार्कशीटा. आधारकार्ड-रेशनकार्डाची पिशवी. लग्नातली पैठणी. दळून आणलेलं पीठ, आणि ते चढवताना निम्मं सांडलेलं. दहा जणांनी आपापली एकच ओळ, आपापल्या आवाजात, एकामागून एक म्हटली तरी प्रेक्षकांत चुळबूळ थांबते. लेखक नंतर लागतो, तो या ओळींचा क्रम लावायला.

सावधान : गोष्ट सांगणाऱ्याची असते. ती प्रयोगात घ्यायची का, खऱ्या नावानं की नाव बदलून, दुसऱ्यानं सादर केली तर चालेल का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा आणि उत्तर वहीत लिहा. रंगीत तालमीपर्यंत कुणालाही आपली गोष्ट मागे घेता आली पाहिजे. शेजाऱ्याबद्दलची, सासरबद्दलची, सावकाराबद्दलची गोष्ट तिथेच जरा थांबवा. प्रयोग एका रात्रीचा, पण त्या बाईला त्याच गल्लीत राहायचं असतं.

तपासणी : महिन्याच्या शेवटी सलग तीन बैठकांना आलेली माणसं मोजा. बारापेक्षा कमी असतील तर पुढे जाऊ नका, आणखी पंधरा दिवस द्या. तारीख घेतलेली नसल्यामुळे ते तुम्हाला परवडतं.

## टप्पा ३ : रंगमंच, फॉयर की चौक

‘नाट्यगृह’ म्हटलं की सगळं स्टेजवरच चढवायचं असं डोक्यात बसलेलं असतं. जे मोठ्यानं बोलता, गाता, नाचता येतं ते रंगमंचावर. जे जवळून बघायचं ते फॉयरमध्ये, म्हणजे प्रेक्षागृहाबाहेरच्या मोकळ्या दालनात. ज्याला वस्तीतलीच माणसं प्रेक्षक म्हणून हवीत ते चौकात.

उदाहरण मिरजेचं. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांना घेऊन कार्यक्रम करायचा झाला तर आयोजक त्यांना स्टेजवर नेतात, शाल-श्रीफळ देतात, हातात माईक देतात. कारागीर दोन वाक्यं बोलून गप्प. त्यांचं बोलणं हातात असतं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे सुराची गुंज, लावताना ते घोडीचा (ज्यावर तारा टेकतात त्या पट्टीचा) माथा किंचित घासतात, तार छेडतात, पुन्हा घासतात, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवतात. तो केसभर इकडे-तिकडे झाला की बोदा वाटणारा सूर एकदम उघडतो. हे पंधराव्या रांगेतून दिसत नाही आणि माईकवर त्याचं सगळं बारीक काम हरवतं. म्हणून फॉयरच्या कोपऱ्यात सतरंजी अंथरा, एका वेळी वीस-पंचवीस माणसं भोवती बसवा, अर्ध्या तासाची एक फेरी ठेवा, आणि त्या वेळात शेजारचा चहाचा काउंटर आणि पंखा बंद करा.

यात दोन गोष्टी विसरल्या जातात. कारागीर दिवसभर बाकावरून उठला की त्याचं त्या दिवसाचं काम बुडतं, तेव्हा मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या. दुसरी फलकाबद्दल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ‘मिरजेची वाद्यं’ असा फलक लावून खाली बाहेरून आणलेली वाद्यं मांडू नका, विक्री ठेवणार असाल तर मुळीच नाही.

चौकात करणार असाल तर पुढच्या टप्प्यातला लाऊडस्पीकरचा मुद्दा नीट वाचा.

## टप्पा ४ : कागद

कंटाळवाणा भाग आहे, पण प्रयोग अडतो तो इथेच.

संस्था हवी का? एका प्रकल्पासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. गावात नोंदणीकृत नाट्यसंस्था, वाचनालयं, मंडळं पुष्कळ आहेत, त्यातल्या एखादीला यजमान करून तिच्या नावाखाली करा आणि कामाची-पैशाची वाटणी एका पानावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. पुढे दरवर्षी करायचं नक्की झालं तरच नोंदणीकडे वळा. सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात त्यापाठोपाठ सार्वजनिक न्यास व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद करावी लागते. नोंदणीनंतरचा त्रास मोठा असतो: दरवर्षीचं लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. कित्येक जुन्या संस्थांच्या कागदावर आजही दिवंगत माणसं विश्वस्त आहेत आणि त्यामुळे बँकेत सही चालत नाही. ज्या संस्थेचा आधार घेणार तिचं हे आधी विचारून घ्या.

संहितेचं प्रमाणपत्र. जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वस्तीच्या प्रकल्पात संहिता तालमीतच घडत असते, त्यामुळे ‘अजून लिहून झालं नाही’ म्हणत हे मागे पडतं. तालमीचे पहिले दोन आठवडे संपताच संहिता गोठवा, स्वच्छ टंकलिखित प्रत करा आणि पाठवा. प्रयोगाच्या आधी किमान दीड महिना हातात ठेवा.

लेखकाची परवानगी. तयार नाटक किंवा त्यातला प्रवेश घेणार असाल तर लेखकाचं किंवा वारसांचं पत्र हवं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे राहतात, आणि ती मोजायची पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. सांगलीकरांना जवळची दोन नावं घेऊ: गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये. दोघांच्याही मूळ संहिता आता कुणालाही करता येतात. मात्र अलीकडे कुणी केलेली रंगावृत्ती, संक्षेप किंवा नव्या चाली वापरल्या तर त्यांचा हक्क वेगळा. हौशी मंडळानं तिकीट न लावता प्रयोग केला तर कायद्यात सूट आहे, पण तिच्या भरवशावर लेखकाला न विचारता करू नका. जिवंत लेखक गावातच असतो आणि प्रयोगाच्या दिवशी पुढच्या रांगेत येऊन बसतो.

गाणी. ती सूट ध्वनिमुद्रणाला लागू नाही. सिनेमातलं गाणं पेन ड्राइव्हवरून लावायचं असेल तर परवान्याचा खर्च धरा. नाहीतर सोपा मार्ग आहे: पेटी, तबला, पखवाज वाजवणारी माणसं या शहरात पावलोपावली आहेत. त्यांना बसवा, पारंपरिक ओव्या-भजनं घ्या. प्रयोगालाही ते जास्त शोभतं.

लाऊडस्पीकर. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहात आतल्यापुरता चालतो. ‘नाट्यगृहात रात्री साडेदहापर्यंत चालतं म्हणून चौकातही चालेल’ हा समज घेऊन बसलात तर ऐन शेवटच्या प्रवेशाला पोलीस येतील. चौकातला प्रयोग साडेनऊला संपेल असा बांधा आणि पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्या.

मुलं. पालकांची लेखी संमती, त्यात फोटो-व्हिडिओसाठी वेगळी ओळ. तालमीत आणि मेकअप रूममध्ये एकट्या मोठ्या माणसाबरोबर मूल ठेवायचं नाही, कायम दोघं. मुलांचे व्हिडिओ त्यांच्या नाव-शाळेसकट स्टेटसला टाकणं बंद.

तपासणी : एका फाइलला सहा कप्पे करा: यजमान संस्थेचं पत्र, संहिता प्रमाणपत्र, लेखक-संगीत परवानगी, सहभागींची संमती, पालकांची संमती, पोलीस-हॉल. एकही कप्पा ‘होईल’ या शब्दावर रिकामा ठेवू नका.

## टप्पा ५ : आता हॉल आणि तारीख

सांगलीचं भावे नाट्यमंदिर संस्थेचं आहे. सांगलीचं दीनानाथ आणि मिरजेचं बालगंधर्व ही नाट्यगृहं महापालिकेची. फरक कामात पडतो. संस्थेच्या हॉलमध्ये व्यवस्थापकाशी समोरासमोर बोलून बरंच ठरतं. महापालिकेच्या हॉलमध्ये अर्ज, पावती आणि नियमावली चालते, दुरुस्तीचं काम निघू शकतं, शासकीय कार्यक्रम किंवा निवडणुकीचं काम आलं तर तारीख सरकू शकते. म्हणून पर्यायी तारीख मनात ठेवा आणि निमंत्रणपत्रिका उशिरा छापा.

तारीख घेताना नोव्हेंबर-डिसेंबरचा हौशी राज्य नाट्य स्पर्धेचा काळ बघा. त्या दिवसांत हॉलही मिळत नाही आणि गावातले प्रकाशवाले-नेपथ्यवालेही मोकळे नसतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, त्या आसपास भावे नाट्यमंदिर धरूच नका. गणपती-नवरात्रात तुमचेच कलाकार मंडळात असतात. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या वस्तीबरोबर काम करत असाल तर प्रयोगाची तारीख घेऊच नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की लोकांची नजर नदीवर असते, आणि ४५ ही धोक्याची पातळी. माणसं घर आवरायला लागतात, तालमीला कोण येणार?

डिपॉझिट भरण्याआधी त्या हॉलमध्ये दुसऱ्याचा प्रयोग असताना विंगेत (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला) उभं राहून बघा. रिकामा हॉल बघून काही कळत नाही. मग हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं लिहून घ्या:

१. सत्र किती वाजता सुरू होतं, आणि सेट लावायचा वेळ त्यातच धरलेला आहे का?
२. त्या दिवशी हॉलचा इलेक्ट्रिशियन कोण, त्याचे पैसे भाड्यात की वेगळे?
३. आपले लाइट आणले तर किती लोड चालेल? वीज गेली तर जनरेटर कशाला पुरतो, फक्त हॉलच्या दिव्यांना की स्टेजलाही?
४. लेव्हल (उंचीसाठीचे लाकडी चौथरे), फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी), काळे पडदे हॉलचे मिळतील का, आणि फाटलेले नाहीत ना?
५. स्टेजवर समई किंवा आरती पेटवायला परवानगी आहे का? अग्निशामक नळकांडं कुठे आहे?
६. साठीच्या पुढच्या बायका स्टेजवर कुठून चढणार? पायऱ्यांना कठडा आहे का? मेकअप रूमजवळचं स्वच्छतागृह चालू आहे का?

सहावा प्रश्न कुणी विचारत नाही. वस्तीतल्या प्रयोगात गुडघेदुखीची निम्मी मंडळी असते.

## टप्पा ६ : पैसे

पैसे तारखेनंतर, कारण आता तुम्हाला नक्की आकडा सांगता येतो. देणगीदाराकडे ‘काहीतरी मदत करा’ म्हणून गेलात की एकवीसशे मिळतात. ‘पंचवीस कलाकारांचा तालमीचा चहा-नाश्ता, बत्तीस तालमी, एकूण इतके’ असं कागदावर नेलंत की तो अख्खा भार उचलतो. म्हणून खर्च तुकड्यांत मांडा: हॉल, प्रकाश-ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा, वादकांचं मानधन, प्रवास, खाणं, छपाई. हॉलचं भाडं एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा वर गेलं तर छोटी जागा घ्या. माझा आग्रह असा, की छपाई आणि सत्कार हे दोन रकाने आधी कापा आणि रिक्षाभाडं शेवटपर्यंत ठेवा. रात्री नऊला तालीम सुटल्यावर बायकांना घरी सोडायची सोय नसेल तर प्रकल्प बायकांचा राहत नाही.

वैयक्तिक गुगल पे-फोन पेवर देणगी घेणं ही आताची सर्रास चूक. नंतर ते कुणाचे, कशाचे, काही सांगता येत नाही. यजमान संस्थेच्या खात्यातच घ्या, पावती द्या, दोन सह्यांनी काढा. संस्थेला ८०जी (देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता) असेल तर देणगीदाराला सवलत मिळू शकते, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. हे आधीच सांगा, म्हणजे चेक मिळतो. कारखान्यांच्या सीएसआरकडे (कंपन्यांच्या सामाजिक कामांसाठीच्या निधीकडे) जायचं तर कला-संस्कृती त्या यादीत बसते, मात्र संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. पहिल्या वर्षी त्या वाटेला न जाणं बरं.

## टप्पा ७ : तालीम

आठ आठवडे, आठवड्याला चार तालमी, प्रत्येक दीड तासाची. पहिले दोन आठवडे पाठांतर नको. ज्यांना वाचताना अडखळायला होतं त्यांच्यापुढे संहितेची प्रत ठेवली की ती माणसं मुकी होतात. त्यांना प्रसंग सांगा, त्यांच्या शब्दांत करू द्या, लिहिणारा बाजूला बसून उतरवून घेईल. त्यांची बोली दुरुस्त करू नका. ‘आलतो’ म्हणणाऱ्याला ‘आलो होतो’ म्हणायला लावलंत की त्याचे हातही आखडतात.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात हालचाली बसवा. जमिनीवर खडूनं स्टेजची रुंदी-खोली आखून घ्या. समाजमंदिरातली खोली लहान असते, आणि मोजमाप न घेता बसवलेला प्रयोग मोठ्या स्टेजवर मध्येच चिकटून बसलेला दिसतो. सहाव्यात वादक आणा. सातव्यात सगळं सलग, घड्याळ लावून. आठव्यात प्रत्यक्ष हॉलवर रंगीत तालीम, त्यासाठी निदान एक सत्र वेगळं घ्या. परवडत नाही म्हणून ते वगळतात, आणि मग ज्यांनी आयुष्यात कधी स्पॉट डोळ्यांवर घेतला नाही ती माणसं प्रयोगात पहिल्यांदाच आंधळी होतात. अंधारात विंगेतून बाहेर यायची, थांबायची, परत जायची वेगळी तालीम घ्या. पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा करा.

भूमिका दोघांना शिकवून ठेवा. लग्न, मयत, कारखान्यातली पाळी, आजारपण यातून चार महिन्यांत दोन-तीन जण जाणारच, त्यात त्यांचा दोष नाही.

सावधान : माईकवर अवलंबून राहू नका. शेवटच्या रांगेत माणूस बसवून आवाज पोचतो का बघा. ज्यांचा पोचत नाही त्यांना पुढे आणा, ओरडायला लावू नका.

## टप्पा ८ : प्रयोगाचा दिवस

रात्रीचं सत्र असेल तर सामान दुपारीच दारात हवं. हॉल ताब्यात आला की आधी लाइट, मग सेट, मग ध्वनी. सेट आधी लावला तर शिडी फिरवायला जागा उरत नाही. कलाकारांना तीन तास आधी बोलवा, त्याहून आधी नको, थकतात. खाणं प्रयोगाआधी, हलकं: पोहे, केळी. वेषभूषेत वडापाव देऊ नका.

क्यू शीटच्या (कुठल्या वाक्याला कुठला प्रकाश-ध्वनी, त्या यादीच्या) दोन प्रती, एक प्रकाशवाल्याकडे आणि एक विंगेत. मोबाइल सगळ्यांचे एका पिशवीत, पिशवी एकाच माणसाकडे. नटराजपूजन पडद्यामागे आणि थोडक्यात. तिसरी घंटा छापील वेळेला द्या, पाहुणे आलेले नसले तरी. सत्कार-भाषणं ठेवायचीच असतील तर प्रयोगानंतर. आधी ठेवली की मेकअप करून बसलेल्या आज्यांचा चाळीस मिनिटांत घसा सुकतो, आणि तुमचं सत्रही संपत येतं.

प्रेक्षकांसाठी वस्तीतून एक बस किंवा टेम्पो ठरवा. कलाकाराचं घर, शेजार आणि नेमकी सासू बघायला आली पाहिजे. त्यांच्या जागा मधल्या रांगांत, पाहुण्यांच्या मागे नको.

तपासणी : पडदा उघडायच्या दहा मिनिटं आधी सूत्रधारानं फक्त चार जणांना विचारायचं: प्रकाश, ध्वनी, विंग, दार. चौघांनी होय म्हटलं की नव्या सूचना बंद.

## टप्पा ९ : प्रयोगानंतरचे पंधरा दिवस

त्याच रात्री सेट उतरवून हॉलचं सामान मोजून परत करा, नाहीतर डिपॉझिट कापलं जातं. वादक आणि तंत्रज्ञांचे पैसे हातोहात. आठ दिवसांत वस्तीत बसून हिशेब वाचून दाखवा, जमा-खर्च दोन्ही, बिलांसकट. पैसे उरले तर त्याचं काय करायचं हे तिथेच ठरवा. संस्थाचालकांच्या बैठकीत ठरलेलं वस्तीला पटत नाही.

पत्रिकेवर, बातमीत, व्हिडिओच्या शेवटी सगळ्यांची नावं बरोबर गेली का बघा. चहा देणाऱ्याचंही. ज्यांचं नाव राहिलं त्यांच्या घरी जा, फोनवर भागवू नका. व्हिडिओ यूट्यूबवर टाकण्याआधी सहभागींना एकदा दाखवा आणि संमतीच्या वहीशी ताडून घ्या.

दुसरा प्रयोग महिन्याच्या आत वस्तीतच लावा, साध्या दिव्यांत, साडेनऊच्या आत. जे नाट्यगृहापर्यंत आले नाहीत ते इथे बघतात, आणि पुढच्या वर्षीची नावं या रात्री मिळतात. तीही त्याच वह्यांत लिहा.

शेवटचं काम सामानाचं. वेशभूषेच्या पेट्या, काळे पडदे, वह्या आणि फाइल कुणाच्या तरी घरी ‘तात्पुरत्या’ ठेवल्या जातात, बहुधा तळमजल्यावर. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड अशा भागात असतील तर मे संपायच्या आत त्या वरच्या मजल्यावर हलवा. कुठे ठेवल्या आणि चावी कुणाकडे आहे, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्या पानाचा फोटो गाभ्यातल्या सगळ्यांना पाठवा.